डॉक्टरांच्या आधी काय पोचतं?

प्रश्न : परदेशात भूकंप झाला किंवा साथ आली की मदतीला डॉक्टरांची पथकं रवाना होतात. डॉक्टर, औषधं आणि विमान एवढं जमलं की झालं, की त्यामागे आणखी काही आखणी असते? – एक वाचक, बार्शी

उत्तर : पुष्कळ असते, आणि त्यातली बरीचशी डॉक्टरकीची नसतेच. हैतीचंच बघा. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात राजधानी पोर्तोप्रिन्समधली रुग्णालयंही कोसळली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेनं हवा भरून उभारायचं तंबूंचं रुग्णालय विमानानं धाडलं, पण विमानतळावरच्या गर्दीमुळे विमानाला तिथं उतरूच दिलं नाही. ते शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उतरलं आणि सामान ट्रकनं आलं. त्यात एक दिवस गेला. चिरडलेला पाय घेऊन पडलेल्या माणसाचा एक दिवस! म्हणून सामान, वाहतूक आणि कस्टमची कागदपत्रं सांभाळणारा माणूस मला सर्जनइतकाच मोलाचा वाटतो. या संस्थेच्या बोर्दोजवळच्या गोदामात औषधांचे आणि उपकरणांचे संच बांधून तयारच असतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैतीत कॉलरा आला. इथं आखणी म्हणजे अक्षरशः वजनाचा हिशेब. पाणी पार आटलेल्या ५० किलोच्या रुग्णाला पहिल्या तीन तासांतच ५ लिटर सलाइन लागतं. असे १०० रुग्ण आले, तर नुसतं सलाइनच अर्धा टन! शिवाय स्वच्छ पाणी, क्लोरीन, बादल्या. कॉलऱ्याची खाटही वेगळी असते. मधोमध भोक, त्याखाली बादली. रुग्णाला उठवावं लागत नाही, आणि बादलीत किती साठलं ते पाहून नर्स पुढचं सलाइन ठरवते. बादली रिकामी करणारे, क्लोरीन फवारणारे, ओआरएस पाजणारे हात बहुतेक स्थानिकांचेच असतात. त्यांना नेमणं, शिकवणं हेही आखणीतच आलं.

आणि हा कॉलरा आला कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं मैलापाणी नदीत मिसळलं आणि तेच पाणी खालच्या गावांनी वापरलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती २०१६ साली. आधाराला आलेल्यांच्याच संडासातून साथ पसरली, ही गोष्ट वाचताना आजही पोटात कालवतं.

भूकंपानंतर हैतीत पुरेशा तयारीविना आलेली पथकंही होती. त्या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष काढले. पथकाचा भार तिथल्या लोकांवर पडता कामा नये, हे त्यात मुख्य. आपलं पाणी, जेवण, वीज, संडास, सगळं पथकानं बरोबर न्यायचं, आणि रुग्णालयातला कचराही आपणच निस्तरायचा.