घरचा पत्ता, बाहेरचा पत्ता

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असावी आणि नेमके त्याच सायंकाळी घरचे इंटरनेट बंद पडावे, हा प्रसंग आता पुष्कळ कुटुंबांवर येतो. अशा वेळी कोणाला बोल लावण्यापूर्वी आपण संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. दोष कोठे आहे, हे बहुधा त्यावरूनच कळते.

घरातील प्रत्येक संगणकाला व मोबाइलला राउटर एकेक पत्ता नेमून देतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी आरंभ होतो आणि केवळ घरापुरता असतो. शेजाऱ्यांकडेही तोच सापडेल! आयपीच्या या जुन्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटीच. म्हणून बाहेरच्या जगासाठी साऱ्या घराला मिळून एकच पत्ता पुरवावा लागतो.

आता १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता दिसला, तर काय समजावे? संगणकाने पत्ता मागितला, परंतु उत्तर न आल्याने त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला. म्हणजे खोळंबा घरातच आहे. तार नीट बसवावी, वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे, राउटर बंद करून चालू करावा. याउलट पत्ता १९२.१६८ चा आहे, राउटरचे पानही उघडते, पण बाहेरचे काहीच उघडत नाही, तर राउटरच्या पलीकडे शोध घ्यावा. फायबरच्या पेटीवर तांबडा दिवा असल्यास तक्रार नोंदवणेच उचित.

मात्र राउटरच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसण्याची घाई करू नये. तेथील कळ काही वेळ दाबून धरल्यास जोडणीसाठी साठवलेले नाव व संकेतशब्द पुसले जातात.