पुस्तकातले टाके आणि आपलं माप
(विणकामाचा धडा : आखूड बाहीचा सुती टॉप)



आमचं दिंडोशी मालाड पूर्वेला, टेकडीच्या अंगाला. इथे थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस. लोकरीचा स्वेटर कोण घेणार? म्हणून आमच्या गटाने सुती धाग्याचे आखूड बाहीचे टॉप विणायला घेतले. तुमच्यापैकी ज्या गटांना महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनासाठी मुंबईत माल आणायचा असेल, त्यांनीही हे लक्षात ठेवावं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला हलकं, सुती आणि अंगात नीट बसणारं हवं असतं.

'नीट बसणारं' हा शब्द आम्ही महागात शिकलो. पहिली ऑर्डर १२ टॉपची होती, सगळे ३६ छातीचे. धाग्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज काढलं. सहा जणींनी एकाच पुस्तकातून, तेवढेच टाके घालून विणलं. पाच टॉप परत आले. दोन छातीत आवळत होते, एक पोत्यासारखा लोंबत होता आणि दोघांच्या बाह्या दंडाला रुतत होत्या. पाचही उसवले, धागा धुऊन वाळवला आणि पुन्हा विणला. महिनाभराची मेहनत दुसऱ्यांदा करावी लागली, आणि हप्ता काही थांबत नाही.

चूक विणणारीची नव्हती आणि पुस्तकाचीही नव्हती. पुस्तकातले टाके पुस्तक लिहिणारीच्या हाताचे असतात. आपला हात वेगळा, धागा वेगळा आणि गिऱ्हाइकाचं अंगही वेगळं. म्हणून आता आमचा एकच नियम आहे : आधी हाताचं माप, मग अंगाचं माप, आणि त्यानंतर टाके.

पायरी १ : हाताचं माप

८ नंबरच्या (४ मि.मी.) सुयांवर ३० टाके घाला. एक सुई सुलट, एक सुई उलट असं ४० सुया विणा. (आपल्याकडे एका ओळीला एक सुई म्हणतात, इथेही तसंच धरा.) टाके बंद करा. हा झाला नमुन्याचा तुकडा.

आता तो धुवा. हे टाळू नका. सुती वीण धुतल्यावर बदलते, आणि ओला टॉप आपल्या वजनाने लांबतो. तुकडा सपाट वाळवा. मग कडा सोडून मधल्या ४ इंचांत किती टाके आणि किती सुया बसतात ते मोजा.

माझ्या हाताला ४ इंचांत २२ टाके आणि २८ सुया येतात. म्हणजे १ इंचात साडेपाच टाके आणि ७ सुया. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर आहे. तुमचे आकडे वेगळे आले तर तुमचे धरा.

अर्ध्या टाक्याने काय होतं ते बघा. समोरच्या भागाला १०४ टाके आहेत. इंचाला साडेपाच टाके बसणाऱ्या हाताचा टॉप छातीत साधारण ३८ इंच होईल. घट्ट विणणारीला इंचाला ६ टाके बसतात, तिचा साधारण साडेचौतीस होईल. सैल विणणारीला ५ बसतात, तिचा साडेएकेचाळीस! टाके तेवढेच, पण टॉप तीन मापांचे. आमच्या ऑर्डरीत नेमकं हेच झालं होतं.

पायरी २ : अंगाचं माप

टेप सैल नको, आवळून नको. वहीत ही मापं लिहा. कंसात आपल्या उदाहरणाचे आकडे आहेत.

१. छाती, सगळ्यात भरलेल्या जागी (३६ इंच)
२. खांदा, मागून एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत (१४)
३. दंड, जाड जागी (१२)
४. मुंढा, खांद्याच्या टोकापासून काखेच्या थोडं खाली (८)
५. काखेपासून खाली हवी तेवढी उंची (१३)
६. खांद्यापासून छातीवरून कंबरेपर्यंत पुढची उंची (१७) आणि तशीच मागची (१५)

तिसरं आणि सहावं माप बहुतेक जणी घेतच नाहीत. तक्रारी मात्र तिथूनच येतात. शेतात, घरात राबणाऱ्या बाईचा दंड भरलेला असतो. छाती ३६ असली म्हणून दंड सगळ्यांचा सारखा नसतो.

पायरी ३ : पाठ

छाती ३६, त्यात सैलपणा २ इंच, एकूण ३८. अर्धा भाग १९ इंच. १९ गुणिले साडेपाच म्हणजे १०४ टाके. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका धरून १०६.

१० नंबरच्या सुयांवर १०६ टाके घालून १४ सुया 'एक सुलट, एक उलट' अशी पट्टी विणा. मग ८ नंबरच्या सुया घ्या आणि पट्टी धरून एकूण ९२ सुया (१३ इंच) होईपर्यंत सरळ विणा.

मुंढा : खांदा १४ इंच म्हणजे सोयीचे ७८ टाके. १०६ मधून ७८ गेले, २८ राहिले, म्हणजे प्रत्येक बाजूला १४ कमी करायचे. पुढच्या दोन सुयांच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद करा. मग प्रत्येक सुलट सुईला दोन्ही कडांना एकेक टाका घटवा, असं ९ वेळा. मुंढा सुरू केल्यापासून ५६ सुया (८ इंच) झाल्या की २० टाके खांद्याचे, ३८ गळ्याचे, २० खांद्याचे असे बंद करा.

पायरी ४ : पुढचा भाग

पाठीसारखाच, फक्त दोन फरक.

पहिला फरक गळ्याचा. मुंढ्याच्या ३४ सुया झाल्या की मधले १८ टाके बंद करा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणत गळ्याकडून सुईआड एकेक टाका १० वेळा घटवा. खांद्याला २० उरतात. ५६ सुया पूर्ण करून बंद करा.

दुसरा फरक छातीचा. पुढची उंची १७, मागची १५, फरक २ इंच. यातला साधारण १ इंच विणीच्या ताणात निघून जातो. उरलेला १ इंच दिला नाही तर टॉप पुढून वर चढतो आणि बाई सारखी खाली ओढत राहते. हा इंच फक्त मधल्या भागात वाढवायचा. त्यासाठी अर्ध्या सुया विणतात.

८४ सुया झाल्यावर सुलट सुईला शेवटचे ६ टाके उरेपर्यंत विणा. पुढचा टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, धागा पुढे आणा, टाका परत डाव्या सुईवर ठेवा आणि वळा. उलट सुईलाही ६ टाके उरले की तसंच करा, फक्त धागा मागे न्या. पुढच्या फेऱ्यांना १२, मग १८, मग २४ टाके सोडून वळा. अशा ४ जोड्या झाल्या की मध्ये ८ सुया वाढतात, म्हणजे इंचभर. त्यानंतर पूर्ण सुया विणताना टाक्याला गुंडाळलेला धागा त्या टाक्याबरोबरच विणा, नाहीतर भोक दिसतं. या ८ सुया कडेला नसतात, त्यामुळे कडेच्या ९२ सुयांत त्या मोजू नका.

पायरी ५ : बाही

दंड १२, सैलपणा दीड इंच, एकूण साडेतेरा. साडेपाचने गुणून ७४, शिवणीचे २ धरून ७६ टाके. १० नंबरवर ८ सुयांची पट्टी, मग ८ नंबरवर १४ सुया सरळ.

वरची गोलाई : दोन सुयांच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद करा. प्रत्येक सुलट सुईला दोन्हीकडे एकेक घटवा, १४ वेळा. मग पुढच्या ६ सुयांच्या सुरुवातीला ४-४ बंद करा. उरलेले १४ एकदम बंद करा.

दंड १४ इंच असेल तर? बाहीला ८८ टाके घाला. एकेकाची घट १४ ऐवजी १७ वेळा करा आणि शेवटच्या ६ सुयांना ४ ऐवजी ५ टाके बंद करा. शेवटी १४ च उरतील. पुढे-मागे मुंढा १ इंच (७ सुया) खोल करा. नुसती बाही वाढवून मुंढा तसाच ठेवला तर बाही बसणार नाही.

शिवण्याआधी टेपने मुंढ्याची कड आणि बाहीच्या गोलाईची कड मोजा. बाहीची कड इंचभर जास्त असेल तर चालेल, शिवताना सांभाळून घेता येते. कमी असेल तर शिवू नका, बाही उसवून नीट करा. या मापाला धागा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम लागतो. एकाच रंगाच्या एकाच लॉटचा एकदम घ्या.

गटासाठी दोन गोष्टी

ऑर्डर वाटण्याआधी प्रत्येकीकडून नमुन्याचा तुकडा घ्या. घट्ट हाताच्या बाईला एक नंबर जाड सुई द्या, सैल हाताच्या बाईला एक नंबर बारीक. तुकडे जुळले की मगच धागा वाटा. आमच्यात यावरून सुरुवातीला कुरबूर झाली, 'माझ्या हाताला नावं ठेवता का?' म्हणून. पण परत आलेला टॉप उसवण्यापेक्षा तुकडा विणणं केव्हाही स्वस्त.

दुसरं, गटाची एक माप-वही ठेवा. नाव, सहा मापं, हाताचे टाके आणि घातलेले टाके असे चार रकाने आखा. तीच बाई पुन्हा आली की टेप काढायची गरज पडत नाही, आणि आपली आठवण ठेवली म्हणून तिलाही बरं वाटतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने ३० टाक्यांचा धुतलेला तुकडा घेऊन या. सगळे तुकडे एकावर एक ठेवून बघा. एका गटात किती प्रकारचे हात आहेत ते दिसेल.