त्या खिडकीत ‘हो’ म्हणू नकोस

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज: ‘ताई, चार टीबीची डिस्क घेतली आणि दोनच दिसतेय, फसवलं गं मला.’ पुढे रडका चेहरा. सकाळी जर्नल स्क्वेअरला पाथच्या गाडीत चढल्या चढल्या उत्तर लिहायला घेतलं, तर ग्रोव्ह स्ट्रीट आलं तरी दोन ओळीच झालेल्या. म्हणून आता सावकाश सांगते. चहा घेऊन बस.

तुला कुणी फसवलेलं नाही. आणि तुझा नवरा म्हणतोय म्हणून तो कॉम्प्युटरचा जुना डबा टाकून द्यायला निघू नकोस. एक तर न्यू जर्सीत 2011 पासून कॉम्प्युटर घरच्या कचऱ्यात टाकायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा रात्री हळूच खाली नेऊन ठेवला असं इथे चालत नाही. पण खरं कारण निराळं. त्या डब्याच्या पाठीला फायरवायरचं तोंड आहे. आईबाबांच्या त्या चाळीस मिनीडीव्ही कॅसेटी कॅमेऱ्यातून उतरवायच्या तर तेच लागतं, आणि तुझ्या नव्या लॅपटॉपला ते नाही. तासाभराची एक कॅसेट साधारण 13 जीबी खाते. चाळीस म्हणजे पाचशेच्या वर, शिवाय संपादन केलेल्या प्रती वेगळ्या. मोठी डिस्क घेतलीस ते शहाणपणाचंच.

मग अर्धी गेली कुठे? डिस्कवर कुठे काय ठेवलंय याची एक वही असते. तुझ्या डिस्कवर एमबीआर नावाची जुनी वही उघडली गेलीय. ती 1983 सालची, आयबीएमच्या पीसी एक्सटीच्या काळातली. तेव्हा 10 एमबीची डिस्क म्हणजे चैन! डिस्क म्हणजे लहान लहान खोल्या समज; त्या वहीत खोलीचा नंबर लिहायला 32 बिटांचीच जागा, म्हणजे सुमारे 429 कोटी खोल्या, आणि एकेक खोली 512 बाइटची. गुणाकार कर, 2.2 टीबीला वही संपते. पुढच्या खोल्या आहेत, पण त्यांना नंबरच नाही. हे काही पहिल्यांदा होत नाहीये. मी इथे नवी आले तेव्हा 160 जीबीची डिस्क एक्सपीवर 127 च दाखवायची, कारण तेव्हाची मोजणी 28 बिटांची होती. 2002 मध्ये सर्व्हिस पॅक आला तेव्हा कुठे ती पूर्ण दिसली.

आता तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो. त्यात डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकाच डिस्कचे दोन तुकडे आहेत: 2048 जीबी, आणि शेजारी काळ्या पट्टीचा 1678, ‘अनअलोकेटेड’. ही चांगली खूण आहे गं. म्हणजे कॉम्प्युटरला सगळी डिस्क दिसतेय, फक्त वही बदलायचीय. एकूण आकडाच 1678 आला असता तर मात्र मधला दलाल जुना म्हणायचा, म्हणजे यूएसबीचा डॉक किंवा साटाचा ड्रायव्हर. गाडीचं मीटर शेवटच्या आकड्यानंतर परत शून्यावर येतं ना, तसं 2.2 टीबी ओलांडलं की तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तीन टीबीची डिस्क 746 जीबी दिसते ती त्यामुळेच. अशा वेळी डॉक बदलायचा किंवा ड्रायव्हर नवा घालायचा. डिस्कला हात लावायचा नाही.

तुझ्यासाठी नवी वही म्हणजे जीपीटी. तुझं विंडोज 7 ती वाचतं. डबा एक्सपीचा असता तर वाचली नसती. पण वही बदलताना डिस्क रिकामी करावी लागते, आणि तू म्हणालीस की वीसेक जीबी फोटो त्यावर आधीच टाकलेत. ते आधी लॅपटॉपवर परत घे. घेतल्यावर दोन-चार उघडून बघ, नुसतं नाव दिसलं म्हणजे फोटो आला असं नाही. मग त्या डिस्कवरचा भाग डिलीट कर, डावीकडच्या करड्या चौकोनावर राइट क्लिक, ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’, आणि मग नवा व्हॉल्यूम, एनटीएफएस. पण हात लावण्याआधी डिस्कचा नंबर आणि आकार मोठ्याने वाच. हसू नकोस, मी अजून वाचते. डिस्क 0 बहुतेक तुझ्या विंडोजची असेल, तिला अजिबात शिवायचं नाही. विंडोज त्याच जुन्या छोट्या डिस्कवर राहू दे. मोठ्या डिस्कवरून सुरू करायचं तर यूईएफआय लागतं आणि ते तुझ्या डब्यात नाही.

शेवटी 3.63 टीबी दिसेल. लगेच मला फोन करू नकोस. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या. डिस्क तीच.

हे सगळं मला कुठून कळलं विचारशील. तुझ्या भाऊजींनाही मी हे नीटसं सांगितलेलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन टीबीची डिस्क होती, एका जुन्या खोक्यात. खोकं बंद पडलं, म्हणून डिस्क काढून नव्या खोक्यात घातली. विंडोजने विचारलं, फॉरमॅट करायचं का? उशीर झाला होता, मुलं झोपायची होती, मी ‘हो’ दाबलं. वर लगेच दोनशे जीबीचे फोटो ओतले. नंतर कळलं की जुन्या एक्सपीलाही मोठी डिस्क दिसावी म्हणून काही खोकी 512 ऐवजी 4096 बाइटच्या खोल्या मोजतात. माल जागच्या जागी होता, नवं खोकं वेगळ्या मापाने मोजत होतं एवढंच. तसलंच दुसरं खोकं आणलं असतं तर सगळं दिसलं असतं. बाबांच्या पंचाहत्तरीचं पूर्ण रेकॉर्डिंग त्यात होतं, आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या तेही. तुझ्या त्या कॅसेटींपैकी एकीत ते असावं असं मला फार वाटतं. कुठल्या, ते आठवत नाही.

कॅसेटी उतरवताना त्या डब्याची नेटची वायर काढून ठेव. विंडोज 7 ला जानेवारी 2020 पासून सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही. आणि उतरवलेलं सगळं दुसऱ्या एका डिस्कवरही जाऊ दे, ती माझ्या कपाटात ठेवू.

शनिवारी ये. ग्रोव्ह स्ट्रीटहून एकच तर स्टेशन. नेवार्क अॅव्हेन्यूवरून कढीपत्ता आणि मेथी घे, माझी संपलीय. डिस्क पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकू नकोस, टॉवेलात गुंडाळ. आणि तोवर कुठलीही खिडकी ‘फॉरमॅट करू का’ म्हणून विचारायला लागली तर ‘कॅन्सल’ दाब आणि मला फोटो पाठव, रात्रीचे साडेअकरा असले तरी.