बोट रुततंय अजून : ऑलिव्ह तेलाचा साबण घट्ट का होत नाही?



मागच्या अंकात नारळ तेलाच्या साबणाची कृती दिली होती. ती वाचून बऱ्याच गटांनी साबण केला. मग एका गटाने विचार केला की भाऊबीजेला काहीतरी वेगळं द्यावं, ऑलिव्ह तेलाचा साबण करावा. बाहेर विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो अजून नाही. म्हणून ग्रामसंघातल्याच साठ जणींनी प्रत्येकी ६० रुपये आगाऊ भरले आणि त्यातून तेलाचा ५ लिटरचा डबा आला. दिवाळीला तेव्हा नऊ आठवडे होते.

दोन दिवसांत दोन घाणे झाले. प्रत्येक घाण्याला २ किलो तेल, म्हणजे तीस-तीस वड्या. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, बोट लावलं की खड्डा पडतोय." मी म्हटलं, "कापून टाका, सुकेल." ही माझी चूक झाली. नारळाचा साबण दुसऱ्या दिवशी कापता येतो, तोच हिशोब मी ऑलिव्हला लावला. त्यांनी दोऱ्याने कापायला घेतला, तर साबण दोऱ्याला खव्यासारखा चिकटला. तीन आठवड्यांनी मी गेले तेव्हा सगळ्या वड्या ताटात मांडून ठेवल्या होत्या आणि कोणी काही बोलत नव्हतं. पैसे शेजारणींचे होते ना.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा : साबण हळू सुकतोय की साबण झालेलाच नाही? दोन्हीत बोट रुततं, पण उपाय वेगळे आहेत.

आम्ही दोन्ही घाण्यांच्या वड्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्या घाण्याची वडी मऊ होती, पण वरून कोरडी. कापली तर आत सगळीकडे एकसारखा रंग. तेल सुटलेलं नाही, पांढरे खडे नाहीत. ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला जरा लावून पाहिलं, साबणाचीच चव आली. कॉस्टिक मोकळं राहिलं असेल तर जिभेला शॉक लागल्यासारखा झटका बसतो. (ही परीक्षा तीन-चार दिवस झाल्यावरच करायची, लगेच चूळ भरायची, आणि वडीत पाणी किंवा पांढरे खडे दिसत असतील तर करायचीच नाही.) म्हणजे पहिला घाणा हळू होता, बिघडलेला नव्हता.

दुसऱ्या घाण्याच्या वड्यांखाली ताटात तेल साचलेलं. आत कुठे तेलकट, कुठे पांढरट ठिपके. तो साबण झालाच नव्हता.

आधी हळू साबणाचं बघू. थंडीत नारळाचं तेल बाटलीत गोठतं, ऑलिव्ह तेल मात्र वाहतंच राहतं. साबणातही साधारण तेच घडतं. गोठणाऱ्या तेलाचा साबण लवकर कडक होतो, पातळ राहणाऱ्या तेलाचा वेळ घेतो. ऑलिव्हमध्ये ओलिक आम्ल जास्त असतं, नारळात लॉरिक. सीरियातल्या अलेप्पो शहरात आणि पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसमध्ये शेकडो वर्षं ऑलिव्ह तेलाचा साबण बनतो. २०२४ साली युनेस्कोने दोन्ही ठिकाणची ही कला वारशाच्या यादीत घेतली. तिथले कारागीर वड्यांचे पोकळ मनोरे रचतात, मधून वारा खेळावा म्हणून, आणि अलेप्पोचा साबण तर कित्येक महिने सुकवतात. आपण तिसऱ्या दिवशी बोट लावून घाबरलो.

पण आपल्या गटाचा साबण त्याहून जास्त मऊ होता, त्याला कारण पाणी. २ किलो ऑलिव्ह तेलाला, पाच टक्के तेल मोकळं ठेवून, २५६ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्यांनी पाणी घातलं ७६० ग्रॅम. हे जुन्या कृतीप्रमाणे बरोबरच आहे, पण ऑलिव्हला कॉस्टिकच्या दुप्पट पाणी पुरतं, म्हणजे ५१२. जवळजवळ पाव लिटर पाणी जास्त झालं. वर कोरफडीचा गर दोन वाट्या, तो कुठेच मोजलेला नाही. कोरफड, दूध, ताक काहीही घातलं तर तेही पाणीच धरायचं आणि तेवढं मूळ पाण्यातून कमी करायचं. त्यात श्रावणातली हवा दमट, आणि साबण खोलीत दार लावून ठेवलेला, मांजर येतं म्हणून.

उपाय साधा होता. ताटं काढली, वड्या बांबूच्या डालीत एकमेकींना न चिकटता उभ्या केल्या, वरून पातळ सुती कापड (मांजराचा बंदोबस्त), आणि दिवसातून दोन-तीन तास पंखा. उन्हात ठेवायचा नाही, तेल खवट होतं. आठवड्याला बाजू बदलायची. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते वजन. एका वडीवर खूण केली आणि दर सोमवारी तीच मोजली. कापताना ९८ ग्रॅम होती, सहाव्या आठवड्यात ८४ झाली. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही की पाणी गेलं समजायचं. बोटाने दाबून बघण्यापेक्षा हे खात्रीचं.

आता दुसरा घाणा. विचारता विचारता दोन गोष्टी कळल्या. मिश्रण फिरवताना लाईट गेली. पळीने हलवून हात भरून आले, म्हणून कढीसारखं पातळ असतानाच साच्यात ओतलं. ऑलिव्ह तेल हाताने ढवळलं तर तासन् तास घेतं. पळी उचलून धार सोडली की पृष्ठभागावर तिची रेघ उमटून राहिली पाहिजे, पातळ पिठल्यावर राहते तशी. त्याआधी ओतलं की तेल आणि कॉस्टिकचं पाणी पुन्हा वेगळे होतात. दुसरी गोष्ट, नवं पाकीट पहिल्या घाण्यात संपलं, म्हणून गेल्या वर्षीचं उघडं पाकीट वापरलं. त्यात गाठी झालेल्या. कॉस्टिक हवेतली ओल ओढून घेतं. काटा २५६ दाखवतो, पण त्यातलं खरं कॉस्टिक कमी असतं.

आम्ही हातमोजे-चष्मा घालून त्या सगळ्या वड्या आणि ताटातलं तेल स्टीलच्या पातेल्यात घेतलं, थोडं पाणी घातलं, आणि मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर दोन तास हलवत शिजवलं. (जर्मनचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातं आणि पेट घेणारा वायू सुटतो.) मिश्रण एकजीव झालं, जिभेचा झटका गेला, पण तेलकटपणा राहिला. कॉस्टिकच कमी पडलं होतं. वरून चिमूटभर घालू का, असं एका ताईंनी विचारलं. नाही. अंदाजाने घातलेलं कॉस्टिक कातडीवर निघतं. तो साबण भांडी आणि पायपुसणी धुवायला चाललाय.

मग तीस वड्या कमी पडल्या, आणि हातात सहा आठवडे. उरलेलं तेल, आणखी एक लिटर ऑलिव्ह आणि नारळ तेल मिळून नवा घाणा केला : ऑलिव्ह १४०० ग्रॅम, नारळ ६०० ग्रॅम, कॉस्टिक २८४ ग्रॅम, पाणी ५६८ ग्रॅम, मीठ २० ग्रॅम. मीठ पाण्यात आधी विरघळवायचं, मग कॉस्टिक हळूहळू पाण्यात सोडायचं. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळतं. साचा गोणपाटात गुंडाळून ठेवला, उबेने साबण लवकर बसतो. दुसऱ्या दिवशी स्वच्छ कापला गेला. कोकणातल्या तायांकडे कोकमाचं तेल असतं, तेही थोडं चालेल, पण तेल बदललं की कॉस्टिकचा आकडा बदलतो, हा आकडा त्याला लावू नका.

त्या जास्तीच्या बाटलीचे पैसे मी देत होते, कारण सल्ला माझा चुकला होता. अध्यक्ष ताईंनी घेतले नाहीत. त्यांनी वहीत "साबण नुकसान" असं सरळ लिहिलं आणि बैठकीत वाचून दाखवलं. भाऊबीजेला साठ वड्या वाटल्या गेल्या, तीस शुद्ध ऑलिव्हच्या आणि तीस मिश्र. ऑलिव्हच्या वड्यांबरोबर चिठ्ठी दिली : अजून महिनाभर ठेवलीत तर जास्त टिकेल, वापरताना जाळीच्या साबणदाणीत ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. दुकानदार कधी कधी कॉस्टिक पोटॅश देतो. त्याचा साबण मऊच राहतो, कितीही थांबा. पाकिटावर सोडियम हायड्रॉक्साईड लिहिलेलं बघून घ्या. आणि तेल लिटरने मिळतं, कृती वजनाची असते. एक लिटर तेल साधारण ९१५ ग्रॅम भरतं. लिटरला किलो धरलंत तर कॉस्टिक जास्त होईल. तो साबण छान कडक होतो, ठिसूळही होतो, आणि अंग जाळतो. म्हणून लवकर कडक झालेला साबणही तपासायचा.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांचा साबण मऊ आहे त्यांनी वडी कागदात (प्लॅस्टिकमध्ये नको) आणावी. सोबत लिहून आणा : कोणतं तेल किती ग्रॅम, कॉस्टिक किती आणि पाकीट केव्हाचं, पाणी किती, वर आणखी काय घातलं, आणि कोणत्या तारखेला ओतला.