मऊ वस्तूला धार जास्त लागते

परतवाडा

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

खिडकीतल्या बाकासाठी तू फोम कापलास अन् कडा आत गेल्या, असं ताई फोनवर म्हणाली. बिघडलं काही नाही बाप्पा. मी मेळघाटच्या सागवानात अन् आरामशीनच्या आवाजात वाढलो. पहिल्या गादीच्या वेळी फोम म्हणजे काय मोठं, असं वाटून त्यावर सरळ करवत चालवली. भुगाच भुगा झाला!

सागवान कडक, म्हणून हात चुकला की तिथंच कळतं. फोम दबतो, ऐकल्यासारखं करतो अन् पातं निघून गेल्यावर चूक दाखवतो. तू वरून दाबून कापलंस. दाब निघाला, फोम फुगला अन् कड वाकडी झाली. मऊ वस्तूला म्हणूनच जास्त धार अन् कमी जोर लागतो.

आता असं कर. आधी बाकावर पुठ्ठा ठेवून त्याचा साचा काप. घरातले कोपरे काटकोनात असतातच असं नाही, म्हणून नुसत्या टेपवर विसंबू नकोस. साच्यापेक्षा फोम लांबी-रुंदीत अर्धा इंच जास्त ठेव, खोळ मात्र साच्याच्याच मापाची. मग ती ताणून बसते. मार्करने वरची रेघ मार, गुण्या लावून ती बाजूंवरून खाली उतरव अन् खालच्या अंगालाही काढ.

फोम 4 इंच जाड असेल तर पातं त्याहून लांब हवं. ब्रेड कापायची दातेरी सुरीही चालते. पहिला हात फक्त अर्धा इंच खोल. मग त्याच खाचेतून लांब, हलके हात मार. पातं उभंच राहू दे. दुसऱ्या हाताचा पंजा रेघेजवळ टेकवू नकोस.

तापल्या तारेचं विचारलंस. मखराचा थर्माकोल पूर्वी तसा कापायचे. 2018 पासून राज्यात त्या सजावटीला बंदी आहे. गादीचा फोम पॉलियुरेथेनचा, तो जळला की विषारी धूर होतो. घरात ती तार नकोच.

वाया गेलेला तुकडा फेकू नकोस. त्यावर आधी चार वेळा सरळ कापून बघ, मगच नव्या फोमला हात लाव. दिवाळीला येताना पुठ्ठ्याचा साचा घेऊन ये, खोळ मामी शिवून देईल.

तुझा,
मामा