द्वारपाल दार अडवतो तेव्हा

पाच आठवड्यांचे एक बाळ आहे असे समजा. पहिले तीन आठवडे ते व्यवस्थित दूध पीत होते, वजनही वाढत होते. मग ते दूध ओकू लागले. आरंभी एखाद्या वेळी, नंतर प्रत्येक पाजण्यानंतर. आणि आता तर उलटीची चिळकांडी हातभर दूर जाऊन पडते. गंमत अशी की, ओकून झाल्याबरोबर बाळ भुकेने रडू लागते. ‘ढेकर काढला नसेल,’ असे आजी म्हणते. पुष्कळदा आजीचे खरे असते, कारण तान्ही मुले दुधाची गुळणी टाकतातच. पण या बाळाचे वजन आता घटत आहे आणि दुपटीही पूर्वीइतकी ओली होत नाहीत. येथे काहीतरी वेगळे घडत आहे.

द्वारपाल कोण?

जठरातून लहान आतड्याकडे जाण्याच्या वाटेवर स्नायूचे एक कडे असते. त्याला पायलोरस म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ द्वारपाल. मराठीत आपण त्याला जठरनिर्गम म्हणू. काही बाळांत जन्मानंतरच्या काही आठवड्यांत हा स्नायू जाड होत जातो व मधली वाट अरुंद होते. पाश्चात्त्य देशांत दर हजार बाळांमागे साधारणपणे २ ते ४ बाळांना हा विकार होतो; मुलींपेक्षा मुलग्यांत तो चार-पाच पट अधिक आढळतो.

वाट थोडी अरुंद झाली तर एवढे काय बिघडते? प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम आठवा. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, एक-सोळांश होतो! जठरनिर्गम ही काही काचेची ताठ नळी नव्हे. म्हणून हा नियम तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पण थोड्याशा जाडीने एवढा अनर्थ का होतो, याची कल्पना त्यावरून येते. पुढची वाट बंद असल्याने जठर जोराने आकुंचन पावते आणि दूध आल्या वाटेने उसळते.

निदान कसे करतात?

पहिला पुरावा उलटीच्या रंगाचा. पित्त आतड्यात मिसळते ते या दाराच्या पलीकडे. म्हणून या बाळाच्या उलटीत फाटलेले दूध दिसते, हिरवे पित्त दिसत नाही. (हिरवी उलटी झाली तर अडथळा आणखी पुढे असण्याचा संभव असतो, अशा बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.) दुसरा पुरावा पोटावरचा. दूध पाजताना जठराच्या लाटा डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, आणि अनुभवी डॉक्टरच्या बोटांना बेंबीच्या वर, किंचित उजवीकडे, लहान बोराएवढी टणक गाठ लागते.

तिसरा पुरावा ध्वनीचा. शरीरातील मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. आपल्याला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी तेथे ७७ मिलिमीटर भरेल. तिने लहानसा स्नायू कसा दिसणार? पण ७५ लाख हर्ट्झचा श्राव्यातीत ध्वनी घेतला, तर तरंगलांबी फक्त ०.२ मिलिमीटर होते. स्नायूच्या दोन्ही पृष्ठभागांवरून येणाऱ्या प्रतिध्वनींतील काळाच्या अंतरावरून जाडी काढता येते. ती ३ मिलिमीटर किंवा अधिक आणि अरुंद वाटेची लांबी सुमारे १५ मिलिमीटरहून अधिक भरली, तर निदान जवळजवळ पक्के होते. १९७७ पासून ही पद्धत या विकारासाठी वापरात आली. तिच्यात क्ष-किरणांची गरज नसते.

सुरीची घाई नको

निदान झाले, आता लगेच शस्त्रक्रिया? नाही! हाच या विकारातील सर्वांत महत्त्वाचा धडा. बाळाने केवळ दूध गमावलेले नसते. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते सतत बाहेर गेल्याने रक्तातील क्लोराइड कमी होते आणि रक्त प्रमाणापेक्षा अधिक अल्कधर्मी बनते. पाणी व सोडियम राखण्याच्या धडपडीत मूत्रपिंडे पोटॅशियम गमावतात. रक्त असे अल्कधर्मी झाले की मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालना मंदावते. अशा बाळाला भूल दिली, तर नंतर त्याचा श्वास थांबण्याचा धोका असतो.

म्हणून आधी शिरेवाटे मीठ-पाणी व ग्लुकोज देतात. लघवी नीट होऊ लागली की पोटॅशियमही देतात. रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करतात. यात एखादा दिवस, कधी दोन दिवस जातात. पण ते वाया जात नाहीत.

न घातलेले टाके

शस्त्रक्रिया तशी सोपी आहे, पण ती सापडली कशी ते ऐका. १९११ साली जर्मनीतील म्यून्स्टर येथे कॉनराड रामश्टेट या शल्यविशारदाने एका बाळाचा जाड स्नायू आतील अस्तराला धक्का न लावता उभा चिरला. ती चीर आडवी शिवण्याचा त्याने यत्न केला, परंतु टाके स्नायूत धरेनात. अखेर पोटातील चरबीच्या पडद्याचा तुकडा त्याने चिरेवर ठेवला. बाळाला काही दिवस उलट्या झाल्या, पण ते वाचले. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाच्या वेळी रामश्टेटने टाके घातलेच नाहीत. चीर उघडी राहिली की स्नायूचा विळखा सुटतो व आतील अस्तर फुगून वाट मोकळी होते, हे त्याच्या ध्यानात आले होते.

त्यापूर्वी या विकाराने पुष्कळ बाळे दगावत. आज दुर्बिणीतूनही हीच चीर देतात. काही तासांतच बाळाला पुन्हा दूध पाजता येते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ते घरी जाते. एखादी उलटी पुढेही होते, पण तिचे भय नसते.

विचार करा

१. नळीची त्रिज्या एक-तृतीयांश झाली, तर प्रवाह कितवा हिस्सा उरेल?

२. स्नायूची जाडी ३ मिलिमीटर असेल, तर दोन प्रतिध्वनींत किती काळाचे अंतर पडेल? (ध्वनीला जाऊन परत यायचे आहे, हे विसरू नका.)

३. या बाळाला मीठ न घालता नुसते पाणी दिले, तर त्याच्या रक्तातील क्लोराइडचे काय होईल?