बोटं पोचत नाहीत तिथे प्रश्न धाडावेत

पोरी, शिलाई मशीन घरात आल्यापासून तुझा उत्साह ओसंडून वाहतोय, आणि रात्री अकरानंतर "मावशी, हे घेऊ का?" असं विचारणारे कापडांचे फोटोही. विचारतेस ते छानच करतेस. फक्त मला विचारायच्या आधी विकणाऱ्याला विचारायला शीक. दुकानात कापड चुरगाळून, ताणून, उजेडात धरून बघता येतं. मोबाइलवर बोटं पोचत नाहीत, तिथे प्रश्न धाडावे लागतात. कुठले प्रश्न, ते क्रमाने लिहून देते. वहीत उतरव आणि वही मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेव.

आधी कापडाचं बघू.

१. खरेदीला बसण्याआधी काय शिवायचं आणि त्याला किती लागेल हे लिहून काढ — पडद्यावर सगळंच गोड दिसतं, कपाट मात्र एकच असतं. कपाट भरलं म्हणजे कपडा शिवला असं होत नाही, बाळा.

२. मीटरचा भाव बघायच्या आधी पन्हा बघ. ३६, ४४ की ५८ इंच — ५८ इंची पन्ह्याच्या दोन मीटरांत जेवढं कापड येतं, तेवढं ३६ इंचीच्या तीन मीटरांतही येत नाही. स्वस्त वाटलेलं कापड पन्ह्यात महाग पडतं.

३. हातमागाचा खण घेताना पन्हा दोनदा विचार — गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी विणला जात आला, म्हणून तो मुळातच अरुंद. कुर्ता बेतायचा असेल तर जोड कुठे येणार ते मागवण्याआधी कागदावर काढ.

४. परदेशी दुकानातून मागवताना माप वारात आहे की मीटरात ते वाच — वार ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांहून थोडा जास्त. दहा मीटर समजून दहा वार घेतलेस तर पाऊण मीटरहून जास्त कापड कमी पडेल.

५. "जाड आहे का?" असं विचारू नकोस, जीएसएम विचार, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम — जाड-पातळ प्रत्येकाच्या मनावर असतं, वजन काट्यावर. घरातल्या ओळखीच्या कापडाचा अर्धा मीटर बाय अर्धा मीटर तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव आणि येईल त्या आकड्याला चाराने गुण. मग जीएसएमचा आकडा तुझ्या बोटांना कळायला लागेल.

६. रंग आवडला की दिवसा, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला फोटो मागव — कागद पिवळट दिसला तर कापडाचा रंगही खरा दिसत नाहीये, हे लगेच कळतं.

७. पहिल्या खेपेला पाव किंवा अर्धा मीटरच मागव. काही जण नमुन्याचे तुकडेही पाठवतात — कापड कसं आहे ते कळतंच, शिवाय माणूस बोलल्याप्रमाणे वागतो का तेही कळतं. आधी तुकडा, मग ताका.

८. सुती कापडाला धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही, आणि मागवताना आटण्यापुरतं वरचं धरायचं — सुती कापड धुतल्यावर शंभर सेंटीमीटरांत तीन-पाच सेंटीमीटर सहज आटतं, आणि नेमके तेवढेच ब्लाउजच्या छातीला कमी पडतात.

९. निळीत रंगवलेलं कापड पहिली काही धुणी वेगळं धू — नीळ धाग्यावर थरांनी बसते, वरची सैल नीळ सुरुवातीला पाण्यात आणि हाताला उतरतेच. तेवढ्यावरून विकणाऱ्याशी भांडू नकोस.

१०. "प्युअर कॉटन" म्हणून आलेल्या कापडाची शंका आली, तर कडेचे दोन-चार धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघ — सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते, रेशीम-लोकरीला केस जळल्याचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पाणी शेजारी ठेवायचं, ओढणी आवरून बसायचं.

आता हाताने विणलेलं, हाताने छापलेलं. इथे पैसा जास्त जातो, कारण कोणाचे तरी आठवडे त्यात गेलेले असतात. म्हणून थोडं सावकाश.

११. लेबलावरची खूण कशाची आहे ते ओळख — २००४ पासूनचा सिल्क मार्क रेशीम अस्सल असल्याचं सांगतो, हातमागाचं सांगत नाही; २००६ पासूनचा हँडलूम मार्क हातमागाचं सांगतो, धागा कुठला ते सांगत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही खुणांचे जवळून काढलेले फोटो माग.

१२. खादी आणि हातमाग एकच धरू नकोस — खादीचं सूतही हाताने कातलेलं आणि कापडही हाताने विणलेलं असावं लागतं, हातमागावर गिरणीचं सूत चालतं. दोन्ही चांगलीच, पण भाव वेगळे का ते त्यामुळे समजतं.

१३. पैठणी बघताना सुलट बाजूच्या दहा फोटोंपेक्षा पदराच्या उलट्या बाजूचा एक फोटो मागव — हाताने विणलेल्या पदरात मोराचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मोर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. खरं-खोटं उलट्या बाजूला राहतं.

१४. जर कसली आहे ते लेखी विचार — खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, "टेस्टेड" म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा, आणि बाकी बरीचशी चकाकी प्लास्टिकच्या पट्टीची. भावात फार मोठा फरक असतो, फोटोत मात्र तिन्ही सारख्याच चमकतात.

१५. यंत्रमागाची साडी किंवा सेमी पैठणी घ्यायला लाजू नकोस, फक्त यंत्रमागाच्याच भावात घे — इचलकरंजी-मालेगावातही माणसंच राबतात, तो माल काही खोटा नाही. खोटं असतं ते नाव बदलून विकणं.

१६. हातठशाच्या कापडावर दोन ठशांच्या सांध्यात केसभर सरकलेली रेघ दिसली तर ती हाताची खूण समज. भोक, तेलाचा डाग, मध्येच सुटलेला ठसा ही खोट — पहिल्यासाठी माल परत करशील तर कारागिराचं नुकसान, दुसऱ्यासाठी गप्प बसशील तर तुझं.

१७. नावाला गाव किंवा परंपरा चिकटलेली असेल तर माल तिथलाच आहे का, हे विचार — सोलापुरी चादर, करवत काटी साडी, वारली चित्र, कोल्हापुरी चप्पल या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव त्या प्रदेशातल्या कारागिरांची मिळकत आहे.

१८. कुठून सुरुवात करू असं वाटलं तर केंद्र सरकारचं इंडियाहँडमेड, बचतगटांसाठीचं ई-सरस आणि आदिवासी कारागिरांसाठीचं ट्राइब्ज इंडिया आधी चाळ — तिथे चांगल्या मालाचे भाव डोळ्यांखालून गेले की इतर ठिकाणी फार स्वस्त किंवा फार महाग काय, हे आपोआप खटकायला लागतं.

आता सुई-दोऱ्याकडे वळू. काम अडतं ते बहुतेकदा पाच रुपयांच्या वस्तूपायी.

१९. मशीनच्या सुया मागवताना दांडा बघ — घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या बहुतेक मशीनच्या सुईचा पूर्ण गोल. चुकीची सुई आली तर अख्खं पाकीट पडून राहतं.

२०. सुईचे नंबर घरात ठेव: मलमलीला ७५/११, नेहमीच्या सुती कापडाला ९०/१४, डेनिमला १००/१६, आणि होजिअरीला बॉलपॉइंट — टोकदार सुई होजिअरीचा धागा तोडते, मग टाका सुटतो आणि तू मशीनला दोष देतेस.

२१. बॉबीन मागवताना मशीनचं मॉडेल लिही आणि जुनी बॉबीन पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो पाठव — दिसायला सारख्या बॉबिनींत उंचीचा जरासा फरक असला, तरी खालचा दोरा गुंततो.

२२. बटणाचं माप फोटोवरून ठरवू नकोस, "एल"चा आकडा बघ — ४० एल म्हणजे एक इंच, २४ एल म्हणजे साधारण १५ मिलिमीटर. काजं आधी करून बसू नकोस हं. बटण हातात आलं की मगच काज.

२३. लोकर आणि भरतकामाचा दोरा एकदाच पुरेसा घे, लोकरीच्या गुंड्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते विचार, आणि दोऱ्याचा शेड नंबर वहीत लिही — रंगाचं नाव तेच असलं तरी दुसऱ्या घाण्यात किंचित वेगळा रंग उतरतो, आणि तो नेमका स्वेटरच्या छातीवर दिसतो. भरतकामाची लडी साधारण आठ मीटरची, सहापदरी असते, त्यावरून हिशोब कर.

पैसे देताना मात्र माया बाजूला ठेव.

२४. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पाठ कर — पिन टाकला तर पैसे जाऊ शकतात. "रिफंड देतो, पिन टाका" म्हणणारा भामटा असतो. फसगत झालीच तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन कर, पहिले काही तास मोलाचे असतात.

२५. परतीच्या अटी पैसे देण्याआधी वाच — मीटरवर कापून दिलेलं कापड बरेच जण परत घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्या तुकड्याचं ते काय करणार? म्हणूनच सगळे प्रश्न आधी.

२६. पार्सल फोडताना व्हिडिओ काढ, आणि घडी पूर्ण उलगडून मोजल्याशिवाय कात्रीला हात लावू नकोस — कात्री लागली की तक्रार संपली. मोठ्या संकेतस्थळावर घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा; नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि शेवटी, त्या पडद्यापलीकडच्या माणसांबद्दल.

२७. विणकराशी, भरतकाम करणारीशी भावावरून घासाघीस करू नकोस. परवडत नसेल तर लहान वस्तू घे किंवा थांब — कमी केलेले पैसे सुताच्या किमतीतून जात नाहीत, तिच्या मजुरीतूनच जातात.

२८. लागणारा वेळ आधी विचार आणि सणाच्या दोन महिने आधी मागव — माग पावसाळ्यात दमटपणाने अडतो, घरात लग्न-आजारपण निघतं. घाईचा टाका आधी उसवतो.

२९. चूक दिसली तर पहिला निरोप कारागिराला एकट्यालाच पाठव, आणि काम आवडलं तर चार जणांत नाव घेऊन सांग — बहुतेक जण चूक आनंदाने दुरुस्त करून देतात, आणि छोट्या कारागिराला नवीन गिऱ्हाईक अशा सांगण्यानेच मिळतं.

३०. शिवून झालं की त्या कपड्याचा फोटो विणणाऱ्याला नक्की पाठव, कुठे जोड द्यावा लागला तेही लिही — कापड विकल्यावर पुढे त्याचं काय झालं, हे त्यांना क्वचितच कळतं. तुझ्या दोन ओळींवरून पुढच्या थानाचा पन्हा आणि काठ ते जास्त नेमका ठरवू शकतात.